चाकांची तार वाकवायचं अवजार: विकत घ्यावं की करून घ्यावं?

मॉडेल विमानं बांधणारे, मग ते एनसीसीच्या एअर विंगचे कॅडेट असोत, त्र्यंबक रस्त्यावरच्या महाविद्यालयांतले अभियांत्रिकीचे विद्यार्थी असोत की निवृत्तीनंतर बाल्साच्या फळ्या घेऊन बसलेले छांदिष्ट, लँडिंग गिअरपाशी हमखास अडतात. तार हवी तिथे वाकत नाही, वाकली तर कोन चुकतो, दोन पाय सारखे येत नाहीत. मग प्रश्न येतो तो एकच: कोणतं अवजार घेऊ? हा प्रश्न उलट्या टोकाकडून विचारला जातो. अवजार ठरतं ते तारेच्या जाडीवरून आणि वाकाच्या त्रिज्येवरून. ही दोन मापं हातात आली की निवड जवळपास आपोआप होते. या लेखाचं म्हणणं असं, की २.५ ते ४ मिलिमीटर जाडीच्या तारेसाठी नाशिक-त्र्यंबक परिसरातल्या माणसाला करून घेतलेलं साधं लीव्हरचं अवजार विकतच्यापेक्षाही आणि वाइस-हातोडीपेक्षाही उजवं ठरतं. त्याखालच्या जाडीला त्याची गरज नाही. त्यावरच्या जाडीला मात्र तारेचाच नाद सोडून जाड पट्टीचा गिअर लावावा.

इथल्या जमिनीचा विचार या निवडीत आधी यायला हवा. त्र्यंबकेश्वरच्या आसपास मॉडेल उतरतं ते भात कापल्यावरच्या खाचरात, मुरमाड माळावर किंवा गवताखाली दगड लपलेल्या पडीक रानात. गुळगुळीत धावपट्टीवर चाक फक्त वजन पेलतं. खाचरात ते धसकटांना अडतं आणि सगळा झटका मागच्या दिशेने तारेत जातो. तारेचा सरळ भाग हा झटका लवून सहज पचवतो. तुटते ती बहुतेक वेळा वाकाशी, कारण वाकवताना तिथे ओरखडा, खाच किंवा नको इतका तीव्र कोपरा राहिलेला असतो. म्हणून अवजाराची निवड ही निव्वळ सोयीची गोष्ट नाही. विमान किती वेळा उतरेल, ते तिच्यावर ठरतं.

आधी तार ओळखा

लँडिंग गिअरला लागते ती स्प्रिंग स्टीलची तार. छंदाच्या दुकानात तिला पियानो वायर म्हणतात, तर स्प्रिंगा बनवणाऱ्या कारखान्यात आयएस ४४५४ या भारतीय मानकाच्या नावाने ती ओळखली जाते. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींत स्प्रिंगवाले आहेत. त्यांच्याकडे तार मागताना सरळ कापलेले तुकडे मागा, वेटोळ्यातली तार नको. वेटोळ्याचा बाक घरी पूर्ण निघत नाही, आणि मुळात बाक असलेल्या तारेवर मोजलेला कोन कधीच खरा नसतो. जाडी बहुधा गेजमध्ये सांगितली जाते. साधारण हिशेब असा:

- अर्ध्या किलोपर्यंतचं मॉडेल: १६ गेज (१.६३ मिमी)
- एक किलोपर्यंत: १४ गेज (२.०३ मिमी)
- एक ते दोन किलो: १२ किंवा १० गेज (२.६४ किंवा ३.२५ मिमी)
- दोन ते साडेतीन किलो: ८ गेज (४.०६ मिमी)

खडबडीत जमिनीवर उतरायचं असेल तर दोन गेजांच्या सीमेवर असताना जाड तार घ्यावी, असा सल्ला बरेच जण देतात. तो डोळे झाकून मानू नका. तारेचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घातात वाढतो. १२ गेजवरून १० गेजवर गेलात तर जाडी वाढते २३ टक्के आणि ताठपणा होतो सव्वादोन पटींहून जास्त. तार लवली नाही तर झटका फ्यूजलाजमधल्या लाकडी ठोकळ्यात जातो आणि गिअर सगळ्या प्लायसकट उखडून येतो. तार बदलणं सोपं, फाटलेलं फ्यूजलाज सांधणं अवघड.

ओळखीची परीक्षा सोपी आहे. हातभर लांबीचा तुकडा दोन्ही टोकांना धरून मोठ्या कमानीत वाकवा आणि सोडा. पूर्ण सरळ झाला तर स्प्रिंग स्टील. बाक राहिला तर ती जीआय किंवा तत्सम मऊ तार. इथे नेहमीचा आक्षेप येतो: मऊ तार सहज वाकते, मग तीच जाड घेऊन का वापरू नये? याचं उत्तर असं, की लवचीक मर्यादेत दोन्ही तारा सारख्याच ताठ असतात, कारण दोन्ही पोलादच आहेत. फरक पडतो तो कायमची वाकण्याच्या मर्यादेत. मऊ तार स्प्रिंग स्टीलच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याच्या जोरातच कायमची वाकते. तुम्हाला ती जितक्या सहज वाकवता येते तितक्याच सहज खाचरातलं ढेकूळही तिला वाकवतं. तरीही त्याच जाडीची जीआय तार घरात ठेवा, ती नमुना काढायला लागेल.

अवजाराची कामं तीनच

वाकाची त्रिज्या सांभाळणं, पुरेसा जोर देणं आणि तोच कोन पुन्हा काढून देणं, एवढंच काम या अवजाराला असतं. कुठलंही अवजार या तीन कसोट्यांवर पाहा.

त्रिज्येचा नियम असा: वाकाची आतली त्रिज्या किमान तारेच्या जाडीएवढी, आणि शक्यतो दीडपट. आतली त्रिज्या जाडीएवढी असेल तर तारेची बाहेरची कड सुमारे ३३ टक्के ताणली जाते. दुप्पट ठेवली तर हा ताण २० टक्क्यांवर येतो. वाइसच्या जबड्याच्या धारदार कडेवर वाकवलेल्या तारेत त्रिज्या जवळजवळ शून्य असते, शिवाय जबड्याचे दाते तारेवर उमटतात. अशी तार कामाच्या टेबलावर पाहायला देखणी दिसते, पण तडा जायला तिथूनच सुरुवात होते.

जोराचं गणित जाडीच्या तिसऱ्या घातात चालतं. १० गेजची तार वाकवायला १४ गेजच्या चौपट जोर लागतो. आकड्यांत सांगायचं तर १० गेजसाठी एक मीटर लांब दांड्याच्या टोकावर साधारण एक किलो. तोच दांडा ३० सेंटिमीटरचा असेल तर सव्वातीन किलो, आणि पकडीसारखा १० सेंटिमीटरचा असेल तर दहा किलो. ८ गेजला हे सगळे आकडे दुप्पट होतात. पक्कड लावून वीस किलोंचा जोर देताना तार नेमक्या खुणेवर धरून ठेवणं कोणाच्याच मनगटाला जमत नाही. म्हणून जाड तारेचा वाक खुणेपासून सरकतो. दोष कारागिराकडे नसतो, दांड्याच्या लांबीकडे असतो.

पर्याय, आणि प्रत्येकाची मर्यादा

१६ गेजपर्यंत चांगली गोल नाकाची पक्कड पुरते. १४ गेजलाही जोर काढून चालवता येते. कंट्रोल रॉडच्या टोकाचा झेड आकार काढायला वेगळी पक्कड मिळते, ती मात्र लँडिंग गिअरला वापरू नका, तिचा कोपरा फार तीव्र असतो. थ्रीडी प्रिंट केलेली अवजारंही हल्ली दिसतात. त्यांत पोलादी पिना बसवल्या तर २ मिमीपर्यंत ती चालतात. पुढे मात्र पिनेवर येणारा दाब पाहा: १० गेजला तो ८० किलोंच्या वर जातो, आणि प्लास्टिकमधलं भोक एका वाकात लांबट होतं.

वाइस आणि हातोडीच्या बाजूने बोलणारे म्हणतात, की जुन्या पिढीने सगळी विमानं अशीच बांधली. हे खरं आहे, आणि एखाद-दुसरा गिअर करायचा असेल तर आजही तसं करता येतं. फक्त जबड्यांवर लोखंडी अँगलचे तुकडे घाला, ज्या कडेवर तार वाकणार ती कड कानशीने तारेच्या दीडपट त्रिज्येची गोल करा, आणि हातोडीऐवजी तारेवर पोलादी पाइप चढवून तो दांड्यासारखा वापरा. पाइपचं तोंड वाकापासून तारेच्या जाडीएवढं दूर ठेवा. एवढं केल्यावर त्रिज्या आणि जोर सांभाळला जातो. राहतो तो तिसरा मुद्दा, डावा आणि उजवा पाय सारखा येण्याचा, आणि तिथे वाइस नापास होते. एका पायाच्या एक्सलचा कोन दुसऱ्यापेक्षा दोन-तीन अंशांनी वेगळा आला तर विमान धावताना एका बाजूला ओढतं आणि तुम्ही महिनाभर रडरला दोष देत बसता.

परदेशी बनावटीचं तयार अवजार तिन्ही कसोट्यांना उतरतं. आक्षेप आहे तो त्याच्या मापांवर. त्यांच्या पिना इंचातल्या तारांसाठी असतात, आणि इथे मिळणारी गेजची तार त्यांत कधी सैल बसते, कधी अडकते. घेण्याआधी पिनांमधलं अंतर विचारा. विक्रेत्याला ते सांगता येत नसेल तर घेऊ नका.

करून घ्यायचं तर

१९६४ पासून ओझरला एचएएलचा कारखाना उभा आहे. मिग-२१ पासून सुखोई-३० पर्यंतची लढाऊ विमानं जिथे बांधली गेली, त्या जिल्ह्यात नेमकं भोक पाडून देणाऱ्या हातांची वाण नाही. खाली दिलेलं काम ड्रिल मशिन आणि रीमर असलेला कुठलाही फिटर करून देईल. चित्र काढून न्या, तोंडी सांगू नका.

- तळपट्टी: ५०×१२ मिमी एमएस फ्लॅट, लांबी १५० मिमी. जाडी कमी करू नका. भोक उथळ झालं की पिन कलते. पट्टीखाली वाइसमध्ये धरायला अँगलचा तुकडा वेल्ड करायचा असेल तर तो भोकं पाडण्याआधी, नाहीतर वेल्डिंगच्या उष्णतेने पट्टी वाकून मापं हलतात.
- मधली पिन: ८ मिमीची हार्डन डॉवेल पिन, रीमर फिरवलेल्या भोकात घट्ट. १२ आणि १० गेजची तार हिच्याभोवती वाकते.
- बुश: ८ गेजसाठी मधल्या पिनेवर चढवायला बाहेरून १२ आणि आतून ८ मिमीची, ५ मिमी उंच.
- लीव्हर: २५×१० मिमी फ्लॅट, लांबी ३०० मिमी. टोकापासून ३० मिमीवर मधल्या पिनेसाठी भोक. त्याच्या एका बाजूला ११.५ मिमीवर आणि दुसऱ्या बाजूला १४.३ मिमीवर, केंद्रापासून केंद्रापर्यंत मोजून, ८ मिमीची दोन भोकं. वाकवणारी पिन या दोहोंपैकी एकात बसते.
- स्टॉप: १२ मिमी चौकोनी सळईचा तुकडा, मधल्या पिनेपासून सुमारे ४० मिमीवर, दोन बोल्टांनी पक्का. बोल्टची भोकं लांबट ठेवा, म्हणजे तारेच्या जाडीप्रमाणे तो सरकवता येईल. स्टॉप तारेच्या त्याच बाजूला हवा जिकडे वाकवणारी पिन आहे.

यातलं ११.५ हे माप कुठून आलं ते समजून घ्या, म्हणजे वेगळ्या तारेसाठी ते बदलता येईल. मधल्या पिनेची त्रिज्या ४, तार ३.२५, दुसऱ्या पिनेची त्रिज्या ४, बेरीज ११.२५, आणि तार फिरायला पाव मिलिमीटर मोकळीक. बुश चढवल्यावर ६ अधिक ४.०६ अधिक ४, म्हणजे १४.०६, तेवढीच मोकळीक धरून १४.३. मोकळीक अर्ध्या मिलिमीटरच्या पुढे गेली की तार पिनेला चिकटून वाकत नाही, वाक फुगतो आणि त्रिज्या मोठी होते. १२ गेजला या अवजारात थोडा फुगवटा येतोच. तो चालतो, कारण तुटण्याच्या दृष्टीने मोठी त्रिज्या कधीच वाईट नसते. पिना मात्र एमएसच्या नको. स्प्रिंग स्टील त्यांत पहिल्याच दिवशी खोबणी पाडतं. डॉवेल मिळाली नाही तर अ‍ॅलन बोल्टचा आटे नसलेला भाग कापून घ्या. हार्डन पिनेवर हातोडी मारायची नाही, तिची कपची उडते.

वाकवण्याचा क्रम

पूर्ण मापाचं रेखाटन प्लायवर काढा: समोरून एक, बाजूने एक. पंख्याचं टोक आणि जमीन यांच्यात मॉडेल सपाट असताना किमान २५ मिमी अंतर राहील एवढी तारेची उंची धरा; गवताळ जागेत आणखी थोडी. मग एकूण लांबी काढताना वाकाची वजावट करा. ८ मिमीच्या पिनेवर १० गेजचा काटकोन काढला तर तार वाकात सुमारे ८.८ मिमी खर्च होते, पण बाहेरून बाहेर मोजलं तर त्या कोपऱ्याचे १४.५ मिमी धरले जातात. म्हणून बाहेरच्या मापांच्या बेरजेतून दर काटकोनाला ५.७ मिमी वजा करा. चार वाकांच्या गिअरमध्ये ही वजावट विसरली तर २० मिमीहून जास्त चूक होते.

स्प्रिंग स्टील सोडल्यावर काही अंश मागे येतं. किती, ते तारेवर आणि पिनेवर ठरतं, आणि दुसऱ्याच्या अवजाराचा आकडा तुमच्या उपयोगाचा नाही. टाकाऊ तुकडा लीव्हरने ९० अंशांपर्यंत नेऊन सोडा आणि उरलेला कोन मोजा. ८३ भरला तर पुढच्या वेळी ९७-९८ पर्यंत न्या. तो कोन सापडला की तळपट्टीवर सेंटर पंचाने खूण करा, किंवा तिथे लीव्हर अडेल अशी पिनच ठोका. डावा-उजवा पाय सारखा येण्याचं सगळं रहस्य या एका खुणेत आहे.

आधी पूर्ण गिअर जीआय तारेत वाकवून पाहा. जीआय फारशी मागे येत नाही, म्हणून तिच्यावरून कोन ठरवू नका. पण कुठला वाक आधी घ्यायचा आणि तार कुठे अवजाराला अडते, हे तिच्यावरच कळतं. एकाच तारेचा गिअर असेल तर मधले, म्हणजे फ्यूजलाजखालचे वाक आधी घ्या, मग बाहेरचे, आणि एक्सल सगळ्यांत शेवटी. प्रत्येक टोकाला ३० मिमी तार जास्त ठेवा आणि ती सगळं झाल्यावर कापा. खाचेच्या ठोकळ्यात बसणारा पिळाचा गिअर असेल तर वर फ्यूजलाजमध्ये जाणारा आखूड पाय आधी वाकवा, तोही टोक लांब ठेवूनच, कारण आखूड टोकाला पिन पकड घेत नाही.

कापताना साधी कटर पक्कड वापरू नका. तार तशीच राहते आणि पकडीच्या धारेला खाच पडते. ग्राइंडरची पातळ चकती किंवा तिकोनी कानशीने खाच पाडून वाइसमध्ये तोडणं हे दोन मार्ग. दोन्हींत डोळ्यांवर गॉगल हवाच. तुटणारा तुकडा कुठे उडेल याचा नेम नसतो.

"तापवून वाकवली तर?"

हा प्रश्न सगळ्यांत जास्त विचारला जातो आणि त्याचं उत्तर नकारार्थीच आहे. या तारेची ताकद थंड अवस्थेत ओढण्याच्या प्रक्रियेतून आलेली असते. लाल होईपर्यंत तापवली की ती त्या जागी मऊ पडते, आणि नुसती पाण्यात बुडवली तर ठिसूळ होते. दोन्ही परिस्थितींत कमकुवत जागा नेमकी वाकात. काही जण म्हणतात की तापवलेला गिअर वर्षभर टिकला. टिकला असेल, जिथे उतरणं मऊ होतं तिथे.

उष्णतेचा एकच उपयोग मान्य करण्यासारखा आहे, आणि तो वाकवून झाल्यावरचा. २३० अंश सेल्सिअसच्या आसपास अर्धा तास ओव्हनमध्ये ठेवल्यास वाकवताना तारेत साठलेला ताण बराच निघतो. स्प्रिंगवाले हे नेहमी करतात. घरचा ओटीजी चालतो, पण तेल पुसून मग ठेवा. बाहेर काढल्यावर कोन पुन्हा तपासा, अंशभर हललेला असतो. डाग देऊन दोन तारा जोडायच्या असतील तर जोड वाकापासून दूर घ्या, आधी तांब्याची बारीक तार गुंडाळा आणि नंतर आम्लाचा फ्लक्स धुऊन काढा.

खरेदी आणि उड्डाण: तुमचे हक्क, तुमच्या मर्यादा

दुकानात व्हर्नियर घेऊन जा आणि तार मोजून घ्या. त्यात संकोच कसला? बिलावर गेज आणि स्प्रिंग स्टील हे शब्द लिहून घ्या. मऊ तार स्प्रिंग स्टील म्हणून विकली गेली तर तो सदोष माल ठरतो आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली तक्रार करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. वर्कशॉपमधून काम करून घेताना मापं लिहिलेल्या चित्राची एक प्रत स्वतःकडे ठेवा. भोक चुकलं तर वाद चित्रावर मिटतो.

तारेच्या वजनाचा कायद्याशीही संबंध येतो. ड्रोन नियम, २०२१ प्रमाणे दोन किलोंपर्यंतचं विमान व्यावसायिक कामासाठी उडवत नसाल तर रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. १० गेजची तार मीटरला सुमारे ६५ ग्रॅम भरते, ८ गेजची १०० ग्रॅम. १,९५० ग्रॅमच्या मॉडेलला जाड तार आणि मोठी चाकं लावली तर ते सीमेपलीकडे जाऊ शकतं. नोंदणीची अट आणि डिजिटल स्काय या संकेतस्थळावरचा हवाई क्षेत्राचा नकाशा उडवण्याआधी पाहा. पोलिसांना तात्पुरता रेड झोनही जाहीर करता येतो. २०२७ च्या सिंहस्थाच्या काळात त्र्यंबकमध्ये ही शक्यता धरूनच चाला. अंजनेरीच्या कड्यांवर गिधाडांची घरटी आहेत आणि तो भाग संवर्धन राखीव आहे. तिकडे विमान नेऊच नका.

पावसाळा आणि दुरुस्ती

त्र्यंबकच्या पावसात न रंगवलेली तार आठवड्याभरात तांबूस होते. वरवरचा गंज पुसता येतो, पण त्याखाली पडलेले बारीक खड्डे वाकाच्या बाहेरच्या कडेवर असले तर तार तिथून तुटते. म्हणून वाकवल्यावर ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने तार लांबीच्या दिशेने घासा, आडवी नाही. भिंगाखाली वाक पाहा, मग प्रायमर आणि रंग द्या. ठोकळ्याच्या खाचेत बसणाऱ्या भागाला ग्रीस लावा. ओल तिथेच जास्त राहते. स्टेनलेसची स्प्रिंग तार मिळाली तर गंजाचा प्रश्न बराच मिटतो. तिचा मागे येण्याचा कोन मात्र वेगळा असतो, तेव्हा तिच्यासाठी तळपट्टीवर वेगळी खूण करा.

जोरात उतरल्यावर वाकलेला गिअर एकदा सरळ करायला हरकत नाही. तोच वाक दुसऱ्यांदा उघडला असेल तर तार बदला. रेखाटनाचं प्लाय आणि खूण केलेलं अवजार घरात असताना नवा गिअर हे एका संध्याकाळचं काम आहे. जुनी तार फेकू नका, पुढच्या वेळी कोन तपासायला तिचे सरळ तुकडे उपयोगी पडतात.